स्वभावात काही फरक

लालबाग,
३ फेब्रुवारी २०२५

सुनेत्राताईंना,

शनिवारी तुम्ही फोन ठेवलात तेव्हा माझं वाक्य अर्धं होतं. परत लावला तर तुमच्या यजमानांनी, अप्पांनी उचलला आणि म्हणाले, "सुनेत्रा म्हणते यापुढे काय असेल ते लिहून कळवा. फोनवर तुमचा आवाज फार चढतो." बरं. लिहिते. सातवीत शाळा सोडलेली बाई आहे मी, दिवसभर मसाल्याच्या डंकावर मिरच्यांची देठं काढते. अक्षर येईल तसं येईल. तुम्ही चष्मा लावा.

तुमच्या हळदीकुंकवात माझ्या श्रेयानं वाणाच्या वाट्यांचं ताट भिरकावलं हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. तुमच्या पहिल्या मजल्यावरची ती बाई काय बोलली ते एकदाही नाही. ते मला श्रेयानं सांगितलं. "लग्नाला दोन वर्षं झाली, हे पोट बातमीचं की जेवणाचं?" असं चारचौघींत विचारणाऱ्या बाईला एकही वाटी लागली नाही, एवढंच मला वाईट वाटतं.

ताई, तुम्ही माझ्या पोरीला दोन वर्षं ओळखता. मी तिला अकराव्या वर्षी पहिली फिट आली तेव्हापासून बघते. जुन्या गोळीनं फिट थांबल्या, खोटं कशाला बोलू. पण पोर अर्धी झोपेत असायची. हात थरथरायचा, कप बशीत वाजायचा. फणी फिरवली की हातात गुंतवळ. अंग सुटलं. शाळेत पोरं हसायची आणि ही मान खाली घालून घरी. मी म्हणायची, अगं एकाच्या तरी कानाखाली दे. कधी दिली नाही. आता बाळाचा विचार आहे म्हणून दिवाळीनंतर डॉक्टरनं हळूहळू गोळी बदलली आणि माझी पोर जागी झाली. बोलायला लागली. तुम्हाला आवडलं नाही त्याला मी काय करू. मला आवडलं.

माफी ती मागणार नाही. मीही मागणार नाही. वाट्यांना पोचे आले असतील तर इकडे पाठवा, आमच्या बाजारात ठोकून सरळ करतात.

जाई परब


गिरगाव,
७ फेब्रुवारी २०२५

जाईबाईंना सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंचं बोलणं अत्यंत वाईट होतं आणि ते मी त्यांना त्याच दिवशी जिन्यात सांगितलं आहे. प्रश्न त्या एका ताटाचा असता तर मी आपल्याला त्रास दिला नसता.

गेल्या महिन्यात श्रेयाने अनिशचा चष्मा भिंतीवर मारला. कारण, त्याने तिला दोनदा हाक मारली. अप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून त्यांना जे शब्द वापरले ते मी इथे लिहू शकत नाही. लोअर परळच्या तिच्या ऑफिसात साहेबांच्या अंगावर फाइल टाकली आणि त्यांनी तिला आठवडाभर घरी बसायला सांगितलं. हे तिने आपल्याला सांगितलेलं दिसत नाही. प्रत्येक वेळी नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मी दार वाजवलं की म्हणते, "तुम्ही जा ना, प्लीज जा."

आपला समज आहे की आम्ही तिला समजून घेत नाही. जानेवारीत अनिश स्वतः रजा काढून तिच्यासोबत परळला डॉक्टरांकडे गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, नवी गोळी सुरू झाल्यापासून स्वभावात काही फरक जाणवतो का? श्रेया गप्प बसली. अनिशने तिला सांभाळून घेतलं. म्हणाला, "डॉक्टर, माहेर लालबागचं आहे. तिकडे सगळे असेच बोलतात." डॉक्टरही हसले, आणि गोळी आहे तशी चालू ठेवली. सांगायचा मुद्दा, परक्या माणसासमोर आम्ही तिला उघडं पाडत नाही.

लग्नाआधी आपण आजार लपवला नाहीत, याबद्दल मला आजही आपला आदर आहे. आजार आम्ही पत्करला. हा स्वभाव मात्र कुणी सांगितला नव्हता. ती काही दिवस आपल्याकडे राहिली तर सगळ्यांनाच विसावा मिळेल असं वाटतं.

आपली,
सुनेत्रा टिपणीस


लालबाग,
१० फेब्रुवारी २०२५

सुनेत्राताई,

विसावा. शब्द चांगला शोधलात. पोरीला माहेरी धाडते म्हणायचं तर म्हणा ना सरळ.

माहेर लालबागचं आहे. हो, आहे. मग? तुमच्या लेकानं डॉक्टरसमोर आमच्या अख्ख्या चाळीचा उद्धार केला आणि तुम्ही तो मला कौतुकानं लिहून पाठवता. आम्ही असेच बोलतो म्हणे. कसे? लग्नात तुमच्या पंगतीला आम्ही वाढत होतो तेव्हा कुणाच्या अंगावर ताट फेकलं होतं का आम्ही?

ऑफिसचं मला तिनं सांगितलं नाही, हे खरं. ते मला टोचलं. तुम्ही टोचायलाच लिहिलंत, तर पोचलं म्हणून समजा.

बुधवारी घ्यायला येते. खाली उभी राहीन. वर येणार नाही, चहा टाकू नका.

जाई परब


लालबाग,
२४ फेब्रुवारी २०२५

सुनेत्राताई,

काल अनिश श्रेयाला घेऊन गेला. तिलाच जायचं होतं, म्हणून मी अडवलं नाही. आता जे लिहिते ते शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण कागद घेतला आणि हात तापले. तसंच वाचा.

ती इथे होती तेव्हा मी बघितलं. तुम्ही लिहिलंत ते खोटं नव्हतं.

आमच्या समोरच्या खोलीत तात्या राहतात. गिरणीत होते. श्रेयाला शाळेच्या वाटेवर फिट आली होती तेव्हा या माणसानं तिला हातावर उचलून घरी आणली. ती त्यांना आजोबांच्या जागी मानते. परवा त्यांनी दारातून विचारलं, "काय गो बाय, जावई येतलो काय न्यायला?" एवढंच. हिनं हातातला चहा त्यांच्या अंगावर फेकला. गरम चहा. वर अशा शिव्या की मी डंकावर हमालांच्या तोंडीसुद्धा ऐकल्या नाहीत. तात्या सदरा झटकत आत गेले.

आमच्याकडे राग आहे. कबूल. माझा तर आहेच. पण आमचा राग येतो तो कशावर तरी येतो. कुणी नळावर बादली सरकवली, कुणी पोराला बोललं. भांडतो, जेवतो, झोपतो. हिचा राग कुणावर नव्हताच. पाय घसरावा तशी ती रागात घसरली आणि नंतर माझ्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, मला माझाच आवाज ऐकू येतो आणि थांबवता येत नाही. कधी कधी वाटतं, नकोच हे सगळं." ते शेवटचं ऐकल्यापासून मी तिला एकटी सोडली नाही. तुम्हीही सोडू नका. हे मी भांडायला लिहीत नाही.

शेजारीण लगेच सांगत आली, कुणीतरी धरलंय हिला, भोईवाड्याला एक बाई उतरवून देते. तिला मी जिन्यापर्यंत पोचवून आले.

मग तुमचं पत्र परत काढलं. बोट ठेवून वाचलं. डॉक्टरनं विचारलं होतं, नवी गोळी सुरू झाल्यापासून स्वभावात काही फरक? सुनेत्राताई, माणूस उगाच विचारेल का हे? या गोळीनं राग येतो म्हणूनच विचारलं ना त्यानं? आणि तुमचा शिकलेला लेक तिथे म्हणतो, तिचं माहेर लालबागचं आहे. डॉक्टरला काय कळणार बिचाऱ्याला? त्याला वाटलं पोर जन्मापासून अशीच. ही पोर, जिनं बारा वर्षांत मुंगी मारली नाही. आम्ही कसे बोलतो ते सांगायला लाज वाटली नाही, आणि ती कशी होती ते सांगायला तोंड उघडलं नाही. सांभाळून घेतलं म्हणे.

मीही खूश झाले होते ती बोलायला लागली म्हणून. ते माझं मी बघेन.

उद्या मंगळवार, डॉक्टरचा वार, पण डॉक्टर या आठवड्यात नाहीत असं खिडकीवर सांगितलं. पुढच्या मंगळवारी अनिशला पाठवा, मीही येते. ती गोळी बंद झाली पाहिजे, ताई. आजच्या आज बंद झाली पाहिजे. तिच्यापेक्षा जुनी बरी होती. जुन्या गोळ्यांचं पाकीट माझ्या कपाटात आहे अजून.

जाई


गिरगाव,
२७ फेब्रुवारी २०२५

जाईबाईंना सप्रेम नमस्कार.

आपलं चोवीस तारखेचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा अनिशला वाचून दाखवलं. तो जेवणावरून उठून गॅलरीत गेला. आपल्या भाषेबद्दल मी काही म्हणत नाही. आपलं म्हणणं मला पटलं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

जुन्या गोळीकडे परत जाणं मात्र मला मान्य नाही. ती बदलली तेव्हा मी सोबत होते. मूल राहणार असेल तर त्या गोळीने बाळाच्या मेंदूला आणि पाठीच्या कण्याला अपाय होऊ शकतो, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. ते पाकीट कृपया श्रेयाला देऊ नये.

नवी गोळी आपल्या सांगण्याप्रमाणे कालपासून बंद केली आहे. श्रेया आधी नको म्हणत होती. मी तिला आपलं पत्र दाखवलं, तेव्हा ऐकलं. दोन्ही वेळच्या गोळ्या मी माझ्या कपाटात ठेवल्या आहेत. आज ती खूप शांत आहे. दुपारी माझ्यासोबत बसून भाजी निवडली. मंगळवारी आपण भेटूच.

आपण लिहिलंत म्हणून आभार मानते.

आपली,
सुनेत्रा


वॉर्डाच्या बाहेर, बाकावर,
४ मार्च २०२५

सुनेत्राताई,

तुम्ही आत तिच्या उशाशी बसला आहात आणि मी बाहेर. आत आले तर माझ्या तोंडून काहीतरी निघेल आणि नर्स मला हाकलेल. म्हणून लिहिते आणि अप्पांच्या हातात देते.

तुमचं आभाराचं पत्र मला काल मिळालं. टपालाला गिरगावातून लालबागला यायला इतके दिवस लागतात. तोवर माझी पोर तुमच्या स्वयंपाकघरात दोनदा पडली होती. पहिल्या फिटमधून शुद्धीवर यायच्या आत दुसरी. एवढ्या वर्षांत तिला अशी कधी आली नव्हती.

कोण सांगतं गोळी तोडायला? कुठल्या डॉक्टरनं? फिटची गोळी एका दिवसात तोडायची नसते हे आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलंय. ताप येऊ दे, उलटी होऊ दे, उपास असू दे, गोळी चुकवायची नाही, कमी करायची ती डॉक्टर करणार, तीही जरा जरा. माझी पोर अकराव्या वर्षापासून हे पाठ म्हणते. ती नको म्हणत होती. तुम्हीच लिहिलंत, ती नको म्हणत होती. तिचं ऐकलं नाहीत.

आणि दात. पुढचा दात अर्धा गेला. फिटमध्ये दात असा तुटत नाही. कुणीतरी तोंडात चमचा घातला. कुणी घातला?

आज मंगळवार होता. आज आपण परळला जाणार होतो.

जाई


गिरगाव,
७ मार्च २०२५

जाईबाई,

चमचा मी घातला. जीभ तुटेल असं वाटलं. अनिश ओरडत होता, "आई, नको." मी ऐकलं नाही.

बाकीच्याबद्दल. मी चौतीस वर्षं विमा कंपनीत काम केलं. साहेब तोंडी काहीही म्हणोत, कागदावर आलं की आम्ही करायचो, कागदावर नसेल तर नाही. ती सवय अंगात मुरली आहे. आपलं चोवीस तारखेचं पत्र माझ्यासमोर आहे. त्यातली ओळ जशीच्या तशी उतरवते: "ती गोळी बंद झाली पाहिजे, ताई. आजच्या आज बंद झाली पाहिजे." डॉक्टरांना विचारून, असं त्यात नाही. हळूहळू, असंही नाही.

मी हे स्वतःला सोडवून घ्यायला लिहीत नाही. श्रेयाने नको म्हटलं होतं आणि ते मी कागदापुढे फेटाळलं. पण दोन वर्षांत आपलं एकही म्हणणं मी ऐकलं नव्हतं, जाईबाई. सणाचं नाही, जेवणाचं नाही, तिला काय आवडतं त्याचं नाही. पहिल्यांदा ऐकलं ते हे.

अनिश वॉर्डातून हलत नाही. गोळी पूर्वीच्याच डोसवर परत सुरू केली आहे. उद्या घरी सोडतील. येत्या मंगळवारी परळच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

सुनेत्रा


लालबाग,
९ मार्च २०२५

ताई,

ओळ माझीच आहे. अक्षरही माझंच. मी डॉक्टरकडे जाऊन बंद करायचं म्हणत होते, पण ते माझ्या डोक्यात राहिलं आणि कागदावर राग उतरला. रागात लिहिलं म्हणून लिहिलेलं पुसत नाही मी.

कपाटातलं जुनं पाकीट काल परळला नेऊन औषधाच्या खिडकीवर परत दिलं. घरात नकोच.

मंगळवारी तुम्ही या, अनिशला आणा. सकाळी लवकर केसपेपर काढते मी. पण एक अट. आत गेल्यावर डॉक्टरनं काही विचारलं तर तुम्ही बोलायचं नाही, अनिशनं बोलायचं नाही आणि मी पण नाही. माझ्या तोंडावर हात ठेवायची वेळ आली तर ठेवा, मी चावणार नाही.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. माझ्यावरचाही नाही. दोन्ही घेऊन येते.

जाई


लालबाग,
१८ मे २०२५

सुनेत्राताई,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्याची भीती बसली होती. आता तुम्ही म्हणालात की सगळं नीट एकदा कागदावर असावं, पुन्हा गोंधळ नको. तुमची ती विम्याची खोड जाणार नाही. लिहिते. पण हे पत्र मी श्रेयाला समोर बसवून लिहिते आहे, तिनं वाचल्याशिवाय टपालात पडणार नाही.

त्या मंगळवारी डॉक्टरनं परत तोच प्रश्न विचारला. स्वभावात काही फरक? तुम्ही तोंड उघडलंत, मी बघितलं. मीही उघडलं होतं. अनिश तर श्वास घेऊन तयार. आणि श्रेया म्हणाली, "मी सांगते. तुम्ही सगळे बाहेर थांबलात तरी चालेल." आपण तिघं त्या दारात म्हशींसारखे अडकलो, आधी कोण बाहेर जाणार म्हणून. शेवटी तिनंच म्हटलं, राहू दे, थांबा, पण गप्प.

किती बोलली पोर. रागाचं बोलली, चहाचं, चष्म्याचं, नकोच हे सगळं वाटायचं त्याचं. गोळी चुकू नये म्हणून गजर लावते हेही. डॉक्टरनं पेन खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाले, हे या गोळीनं काहींना होतं, म्हणून तर विचारतो, हे जानेवारीत कळलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा अनिशनं माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर तो तिच्या मागे मागे औषधाच्या रांगेत गेला आणि तिथे, सगळ्यांसमोर, म्हणाला, "मी तुझ्या वतीनं बोललो, चुकलं." हे मी कानांनी ऐकलं म्हणून तुम्हाला सांगते. लेक तुमचा वाईट नाही. शहाणा आहे हे मी अजून म्हणत नाही.

आता गोळीचं. डॉक्टरनं तिसरीच पांढरी गोळी अगदी थोडी सुरू केली आणि जरा जरा वाढवत नेली, कारण घाईनं वाढवली तर अंगावर पुरळ येतं आणि ते साधं नसतं. पुरळ आलं की वाट बघायची नाही, कॅलामाइन फासायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आलं नाही आतापर्यंत. रागाची ती गोळी तोवर चालूच होती आणि आता तीही जरा जरा कमी होते आहे, आपल्या मनानं नाही. मधले आठवडे तुमच्या घरानं काढले. अप्पांनी टीव्ही बंद ठेवला म्हणे. मी ऐकलं ते.

बाळाचं डॉक्टर सांगतील तेव्हा. व्हिटॅमिनची गोळी आधीपासून चालू केली आहे. तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या बाईला हवं तर कळवा.

आणि परत फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना. चमचा भाताला ठेवा.

आता जे झालं ते सांगते. मागच्या रविवारी ती इथे आली, पिशवीत मी तुम्हाला लिहिलेली सगळी पत्रं. तुम्हीच दिलीत तिला, मला न विचारता. आधी तात्यांकडे गेली. आत काय बोलली ते मला माहीत नाही, तात्या नंतर डोळे पुसत होते आणि विचारलं तर म्हणाले, डोळ्यात धूर गेलो गो. मग माझ्यासमोर बसली. आवाज वाढवला नाही. चहा पीत होती, कप बशीत वाजत नव्हता. म्हणाली, "आई, महिनाभर तुम्ही दोघींनी माझ्या डोक्याबद्दल, माझ्या पोटाबद्दल, माझ्या गोळीबद्दल एकमेकींना लिहिलंत. एकीनं तरी मला एक ओळ लिहिली? अनिश माझ्या वतीनं बोलला म्हणून त्याला फाडलंत. आणि तुम्ही काय करत होता?"

मला राग आला. मी तोंड उघडलं. तुझ्यासाठीच, असं म्हणणार होते. ती म्हणाली, "संपलं नाही माझं." मी तोंड मिटलं. सुनेत्राताई, या बाईला आजवर कुणी गप्प बसवलं नव्हतं.

पोटच्या पोरीचं बरोबर असलं की राग जास्त येतो. तो घेऊन मी दिवसभर मिरच्या निवडल्या.

तुम्हाला हे लिहायचं नव्हतं मला, पण तुमच्या वाट्याचं तुम्हालाही मिळालं पाहिजे. ती तुमच्यावरही चिडली आहे, फक्त तुमच्या घरात राहते म्हणून हप्त्याहप्त्यानं देईल.

तिनं पत्र वाचलं. दोन ठिकाणी खोडायला सांगितलं, खोडलं. खाली स्वतः लिहिते म्हणते.

जाई

आईंना, आणि आईलाही:
तुम्ही एकमेकींना हवं ते लिहा. आईंनी ते वाचावं, करू नये. कागदावर आलं तरी नाही. गोळीचं काय करायचं ते मला विचारा. मला माहीत नसेल तर मी डॉक्टरांना विचारेन.
श्रेया